पातेल्याचं झाकण

४ जानेवारी

प्रिय पळीस अनेक आशीर्वाद.

(ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. परतीचं टपाल मात्र तुझ्या खर्चाने.)

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. अकरा वर्षं पोटात ठेवल्यामुळे ती आता चांगली मुरली आहे. घर सोडून जाताना तू मोठ्या पातेल्याचं झाकण घेऊन गेलास. पातेलं नेलं असतंस तर मी त्याला वाटणी म्हटलं असतं. दोन्ही नेली असतीस तर चोरी म्हटलं असतं आणि गप्प बसलो असतो. पण पातेलं जागेवर आणि झाकण परागंदा, या कृत्याला मी शिकलेल्या कुठल्याही शास्त्रात नाव नाही. झाकणही असं काय मोठं? अॅल्युमिनियमचं, कडेला पोचा आलेलं. मूठ तुटली म्हणून आईने बाटलीचं बूच स्क्रूने बसवलेलं. ते तू कपड्यांच्या पिशवीत घातलंस आणि जिना उतरलास. मी गॅलरीतून पाहत होतो. पिशवीतून बूच बाहेर आलं होतं.

चाळिशीतल्या माणसाला पळी म्हणू नये हे मला कळतं. पण लहानपणी तुझं अंग दांड्यासारखं आणि डोकं वाटीसारखं होतं, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. फोन तू उचलत नाहीस. मजकूर पाठवला तर वाचल्याची खूण उमटते आणि पुढे मौन. म्हणून पत्र. हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या पत्त्यावर पाठवतो आहे. हाताखालच्या एवढ्या माणसांसमोर मुख्य आचाऱ्याला थोरल्या भावाचं पत्र फाडता यायचं नाही, असा माझा होरा आहे.

आता मूळ विषय. बाबांच्या फुप्फुसांना संसर्ग झाला होता. दवाखान्यातून घरी आणलं आहे. आजार गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. या घरातून जाणारा प्रत्येक जण काहीतरी उचलूनच नेतो. दिवसाकाठी अर्धा कप दूध पोटात जातं, तेही औषधाच्या गोळीला सोबत म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोंबडीचं सूप करा. घरी, हाडांसकट, ताजं. चव आली की भूक येईल."

"विकतचं चालेल?" मी आशेने विचारलं.

"विकतच्यात मीठ असतं आणि जाहिरात असते."

मी बाबांच्या कानाशी जाऊन विचारलं, "बाबा, सूप घ्याल?"

त्यांनी डोळे उघडले. "कोण करणार?"

"मी."

डोळे मिटले.

तुला ठाऊक आहे, मी मांस सोडलं आहे. तत्त्व म्हणून. तरी बाजारात गेलो. कोंबडीवाल्याने विचारलं, कशाला हवी? म्हटलं, सूपाला. "मग म्हातारी न्या. कोवळीत नुसतं पाणी, चव म्हातारीत." मी त्याला म्हटलं, हे वाक्य लिहून द्या, आमच्या विभागाच्या दारावर लावतो. तो हसला नाही. संस्कृतच्या प्राध्यापकाच्या विनोदाला हसायला हल्ली माझे विद्यार्थीही तयार नसतात. आहेत तिघं, आणि त्यांतली एक वर्ग चुकून आली होती, ती संकोचाने राहिली.

ग्रंथालयात जाऊन वैद्यकाच्या जुन्या पोथीत मांसरसाचं प्रकरण काढलं. त्यात मंद अग्नी, निर्मळ पात्र आणि प्रसन्न मन अशी सामग्री सांगितली आहे. तिसरी वस्तू घरात नाही. पहिलीचं माप दिलेलं नाही, म्हणून मी अग्नी मोठा केला. झाकण नव्हतं (का नव्हतं ते वर आलंच आहे), म्हणून परात पालथी घातली आणि ती नाचू लागली तेव्हा तिच्यावर शब्दकोशाचा दुसरा खंड ठेवला. वाफेने खंड फुगला आहे. 'प'पासून पुढचे शब्द एकमेकांना सोडायला तयार नाहीत.

सूपाचा रंग धुतलेल्या फळ्याच्या पाण्यासारखा झाला. बाबांनी वाटीत डोकावून पाहिलं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला त्यांचा. शब्द काढून टाकायचा असला की समासात शेपटी वळवलेली एक खूण करायचे, आठवतं? ती खूण त्यांनी बोटाने वाटीवर हवेतल्या हवेत केली आणि कूस बदलली.

मला दोनच गोष्टी हव्या आहेत. आच किती आणि वेळ किती. आणि झाकण. या तीन झाल्या, पण गणित आपल्या घरात कुणाचंच चांगलं नव्हतं.

तुझा
दादा


१३ जानेवारी

प्रिय पळी,

पार्सल मिळालं. मी दारातच उभ्याने फोडलं. एवढ्या मोठ्या खोक्यात झाकण असेल असं वाटलं, निदान चिठ्ठी तरी. निघाला एक डबा. सूपाची पूड. वर तुझा फोटो, उंच टोपी, हाताची घडी, आणि खाली छापलेलं, 'अगदी घरची चव.'

दुधाची तहान ताकावर भागवतात हे ऐकून होतो. तू ती पुडीवर भागवायला निघालास! सूप जरा गढूळ झालं म्हणून अख्खं पातेलं मोरीत उपडं करणारा माणूस तू. आता चमचाभर पूड, कपभर गरम पाणी, ढवळा आणि प्या. अभिनंदन करतो. डब्यात चिठ्ठी असेल म्हणून पुडीत बोटं घालूनही पाहिलं. हात दिवसभर पिवळे होते.

डबा बाबांपासून लपवणार होतो. पण दिवसा त्यांच्याकडे बघायला येणाऱ्या मावशींनी तो कौतुकाने त्यांच्या हातात दिला. "बघा, बघा, कोण आलंय!"

बाबांनी चष्मा मागितला. किती तरी दिवसांनी मागितला. डब्यावरचा बारीक मजकूर वरून खाली वाचून काढला, बोट ठेवून. मग म्हणाले, "'कृत्रिम'चा 'कृ' चुकवलाय." मग फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"जाड झालाय."

"टोपीमुळे वाटतं," मी म्हटलं.

"टोपीने गाल सुटतात का? पंडित कुठला."

मी संधी साधली. "यातलं थोडं करून देऊ?"

"छे. तो स्वतः तरी पीत असेल का ते!"

डबा मात्र त्यांनी उशाशी ठेवून घेतला आहे. औषधं ठेवायला जागा उरली नाही म्हणून मी हलवायला गेलो, तर "असू दे" म्हणाले. तेव्हा तुझी भेट कामी आली असं समजायला हरकत नाही. खाण्याच्या नाही, पण ठेवण्याच्या.

दुसरा प्रयत्न मी त्या संध्याकाळी केला. आधीचा गुण कायम राहिला. मावशी म्हणाल्या, "तिखट घाला थोडं, जिभेला जाग येईल." घातलं. जाग आली. बाबांना एवढा ठसका लागला की मावशींनी पुढच्या सल्ल्याचा विचार सोडून दिला.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती चिमटीत धरली तशीच उभी राहिली, बसेना. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, तोंडाने काही जात नसेल तर नाकातून नळी घालावी लागेल, फार दिवस थांबता यायचं नाही. दार उघडं होतं. आतून बाबांचा आवाज आला, "नळी नको." इतका स्पष्ट, की बाईंनी मला विचारलं, यांना खरंच अशक्तपणा आहे ना?

अशक्तपणा आहे. काल मी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. मी, ज्याला शब्दकोश दोन हातांनी उचलावा लागतो.

पूड नको. दोन ओळी पाठव.

तुझा
दादा


२२ जानेवारी

प्रिय पळी,

तुझं कार्ड आलं. पूर्ण उतरवून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढ्यांना तुझ्या वाङ्मयाचा परिचय राहील:

'पाणी गार घ्या. आच बारीक, बुडबुडा एखादाच यावा. फेस काढत राहा. झाकण नको. मीठ शेवटी. चाखत जा.'

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे आता मी वर्गात उदाहरण देऊन शिकवू शकेन. 'घ्या' आणि 'राहा' कुणाला रे? मला तू कधीपासून अहो-जाहो करायला लागलास? की हे कार्ड हाताखालच्या पोरांसाठी भिंतीवर लावलेलं होतं, तेच उतरवून दिलंस? बाबांबद्दल एक अक्षर नाही. कसे आहेत, हा प्रश्न पाच अक्षरी आहे. 'फेस काढत राहा'पेक्षा लहान.

आणि 'झाकण नको'! म्हणजे ज्या वस्तूसाठी मी अकरा वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, ती वस्तू सूपाला लागतच नाही.

तू सांगितलंस तसं केलं. गार पाण्यात म्हातारी कोंबडी, कांदा, गाजर, मिरे, तमालपत्र. आच इतकी बारीक की मी चष्मा लावून ज्योत शोधली. करडा फेस वर आला, तो काढला. पुन्हा आला, पुन्हा काढला. शेवटी फेस दमला. दुपारभर मी पातेल्याशेजारी स्टुलावर बसून उत्तरपत्रिका तपासल्या आणि मधूनमधून एखादाच बुडबुडा वर येऊन फुटायचा, वर्गातल्या त्या चुकून आलेल्या मुलीच्या शंकेसारखा. चाखलं नाही. ते माझ्याच्याने होत नाही. मीठ अंदाजाने घातलं. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. वाटीखाली वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता येत होता.

बाबांना दाखवलं. त्यांनी वाटी उजेडाकडे धरली.

"स्वच्छ आहे," म्हणाले. बाबांनी! ज्यांनी कुठल्याही पानावर स्वच्छ असा शेरा कधी मारला नाही.

"मग घ्या ना."

वाटी त्यांनी माझ्या हातात परत दिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ते स्वच्छ सूप बघून त्यांना जे आठवलं, तेच मला आठवलं, आणि तुला तर ते पाठ असणार. आईचं शेवटचं दुखणं. तिला काही जात नव्हतं. तू सुट्टी काढून आलास आणि म्हणालास, मी सूप करतो, तिनेच मला शिकवलंय. सकाळपासून ओट्याशी उभा होतास. मग केव्हातरी फोनवर बोलायला गॅलरीत गेलास. परत येईतो बाबांनी झाकण ठेवलं होतं, गॅस पूर्ण मोठा केला होता, आणि पातेलं रटरट उकळत होतं. तू झाकण काढलंस. सगळं गढूळ.

"कुणी केलं हे?"

"मी," बाबा म्हणाले. "दिवसभर गॅस जाळायचा का? फुकट येतो का तो?"

तू दोन फडकी घेतलीस, पातेलं उचललंस आणि मोरीत उपडं केलंस. म्हणालास, "हिला मी घाण पाजणार नाही." नवी कोंबडी आणायला तू खाली उतरलास, तेव्हा दुकानं बंद व्हायला आली होती. रिकाम्या हाताने आलास. उद्या सकाळी आणतो म्हणालास. आईला उद्या सकाळ कशीबशी मिळाली, पण कोंबडीवाला दुकान उघडेपर्यंतची नाही.

तिला पोचवून आल्यावर बाबा तुला सगळ्यांसमोर म्हणाले, "तिच्या तोंडचा घास फेकलास." तू म्हणालास, "तुमच्या कंजूषपणाने मेला तो घास." पुढचं मी गॅलरीतून पाहिलं, ते पहिल्या पत्रात आलंच आहे.

तू गेल्यावर मोरीची जाळी तुंबली. त्यात अडकलेली हाडं मी एकेक करून काढली. मांस मी त्या आठवड्यात सोडलं. तत्त्व म्हणून.

दादा


३१ जानेवारी

पळी,

हे पत्र लिहू नकोस असं मला सांगण्यात आलं आहे. लिहितो.

गेल्या पत्रानंतर आणखी दोनदा स्वच्छ सूप केलं. पहिल्यांदा एक चमचा गेला. दुसऱ्यांदा तोही नाही. आज दुपारी मावशी जेवायला घरी गेल्या होत्या. मी वाटी घेऊन बसलो होतो आणि, खरं सांगतो, वैतागलो होतो. म्हटलं, "बाबा, आता काय राहिलं त्यात? आच बारीक, फेस काढला, गाळलं, आरशासारखं आहे. नेमकं काय चुकतं ते तरी सांगा. शेरा मारा!"

ते म्हणाले, "ती गढूळसुद्धा प्यायली असती."

मी वाटी खाली ठेवली.

"त्या दिवशी झाकण मी ठेवलं," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"का ठेवलं ते माहीत आहे?"

"गॅस."

"गॅसला काय घेऊन बसलास!" एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पाठ चोळली. थांबत थांबत बोलले, ते त्यांच्याच शब्दांत देतो. तो गॅलरीत गेला, तशी तिने हाक मारली. म्हणाली, झालं का हो? सकाळपासून वास येतोय. कितीतरी दिवसांनी तिने तोंडाने खायला मागितलं होतं. मी म्हटलं, होतंय. पाच मिनिटांनी परत, झालं का हो? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. मला काय कळतं सूपातलं. झाकण ठेवलं की लवकर होतं, एवढंच मला माहीत.

"मग हे त्याला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तोवर पातेलं रिकामं झालं होतं."

"म्हणून काय झालं?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते साध्या शब्दात अडलेल्या माणसाकडे बघत. "ती मागत होती आणि आपण ओतून टाकलं, हे कळल्यावर तो जगला असता का नीट? त्यापेक्षा बाप कंजूष बरा." मग म्हणाले, "रागाच्या भरात घासाचं बोलून गेलो, तेवढं नको होतं बोलायला."

थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाले, "त्याला कळवू नकोस. तुला पत्रं लिहायची सवय आहे."

तर कळवलं. मी हे तुझ्यावर दया म्हणून लिहीत नाही, आणि सूड म्हणूनही नाही. म्हणजे, थोडा सूड असेल. तू गेलास, त्यांनी तोंड शिवून घेतलं, आणि तुम्हा दोघांच्या मधल्या रिकाम्या घरात अकरा वर्षं मी राहतो आहे. ते टेबलाच्या एका बाजूला जेवायचे, मी दुसऱ्या. तुझा विषय निघू नये म्हणून आम्ही हवामानावर बोलायचो. माणूस हवामानावर किती बोलू शकतो याची तुला कल्पना नाही. ज्या रागावर तू एवढी वर्षं पोट भरलंस, तो राग शिळा आणि उसना होता, एवढं तुला कळावं. आचाऱ्याला शिळं-ताजं कळलं पाहिजे.

डॉक्टरीणबाई पुढच्या आठवड्यात नळी घेऊन येणार आहेत. बाबा नको म्हणतात. त्यांचं ऐकायचं की बाईंचं, हे मला ठरवायचं आहे, कारण घरात दुसरं कुणी नाही.

दादा


९ फेब्रुवारी

प्रिय पळी,

झाकण पोचलं.

या खेपेला मी खोकं दारात फोडलं नाही. आत आणून टेबलावर ठेवलं, चहा केला आणि मग कात्री घेतली. वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळलेलं. पोचा तोच. बूचही तेच, फक्त काळं, गुळगुळीत, दोन बोटांच्या जागी दबलेलं. झाकण न ठेवता शिजवणाऱ्या माणसाकडे झाकणाचं बूच इतकं झिजतं कसं, यावर मी बराच विचार केला. तुझ्याकडे उत्तर मागत नाही. चिठ्ठी या वेळीही नव्हती आणि या वेळी मी शोधलीही नाही.

बाबांकडे नेलं. त्यांनी ते पोटावर ठेवलं, दोन्ही हातांनी, गाडीचं चाक धरावं तसं. बुचावर बोट फिरवलं. मग दाराकडे पाहिलं.

"आणि तो?"

आता ऐक. मी आयुष्यभर दुसऱ्यांना शुद्ध बोलायला शिकवलं आहे. आणि मी म्हटलं, "येतोय."

"कधी?"

"रजा मिळाली की."

"मोठ्या हॉटेलात रजा लवकर मिळत नसते," ते म्हणाले. तुझी बाजू घेत होते! माझ्यासमोर! मग पडल्या पडल्या बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "तोवर टिकायला पाहिजे. काही आहे का खायला?"

"सूप करतो."

"झाकण ठेवून कर. लवकर होईल."

मी ओट्याशी उभा राहिलो. एका हातात तुझं कार्ड, त्यावर लिहिलेलं 'झाकण नको'. दुसऱ्या हातात झाकण. दोन अधिकारी पुरुषांचा मतभेद असला तर वयाने मोठ्याचं प्रमाण मानावं, असं ठरवून मी झाकण ठेवलं आणि गॅस मोठा केला. ते पातेल्यावर असं बसलं जसं कधी कुठे गेलंच नव्हतं. थोड्या वेळाने खडखडू लागलं. तो आवाज मी विसरलो होतो. खोलीतून बाबा ओरडले, "झालं का?" आणि एकदम गप्प झाले.

मी पातेलं उतरवलं. गाळलं तरी गढूळ ते गढूळच. वाटीचा तळ दिसेना. मावशी म्हणाल्या, "अगंबाई, हे बिघडलं." मी म्हटलं, आपण आधी बघू. आणि चमचा घेऊन चाखलं.

अकरा वर्षांनी. मग दुसरा चमचा घेतला.

मीठ कमी होतं. ते घातलं. बाकी काही कमी नव्हतं, पळी. शेजारच्या भांड्यात आदल्या दिवशीचं स्वच्छ सूप होतं, तेही गरम करून चाखलं, म्हणजे तुलना शास्त्रशुद्ध व्हावी. डोळे मिटले तर मला दोन्हींत फरक सांगता आला नाही. हे तुला माहीत होतं का? शिकला आहेस, टोपी घातली आहेस, म्हणजे माहीत असणारच. निदान आता माहीत असेल.

हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. राहू दे.

बाबा वाटीभर प्यायले. मधे श्वास घ्यायला थांबत. शेवटी वाटी तिरपी करून राहिलेलं चमच्याने ओढून घेतलं आणि मला म्हणाले, "मीठ बरोबर." मी हवेत खूण होते का बघत होतो. झाली नाही.

तेव्हापासून रोज पितात. दोन वेळा. काल त्यात बुडवून पावाचा तुकडा खाल्ला. डॉक्टरीणबाई नळी घेऊन आल्या होत्या, ती पिशवीतच राहिली. दंडाची कातडी पुन्हा चिमटीत धरून पाहिली आणि मला म्हणाल्या, "काय घालता हो सूपात?" मी म्हटलं, जुनी कोंबडी, कांदा, गाजर, मिरे. जे खरं घालतो ते सांगितलं नाही.

कारण ते सूपावर जगत नाहीत. सकाळी मी खोलीत गेलो की पहिला प्रश्न, "निघाला का?" मी म्हणतो, "निघेल." मग ते वाटीकडे हात करतात. मावशींकडून त्यांनी दाढी करून घेतली. तुझी जुनी गादी उन्हात टाकायला लावली. आज मला म्हणाले, आला की लगेच ओट्याशी उभं करू नकोस त्याला, आधी बसू दे, दमून आला असेल.

तू काय करावंस हे मी सांगत नाही. सांगण्याची माझी पद्धत तुला आवडत नाही, आणि या पाच पत्रांत मी टोमण्यांवाचून एक परिच्छेद लिहिलेला नाही, हे मलाही दिसतं. या शेवटच्या ओळी तेवढ्या टोमण्याशिवाय लिहितो.

मला भीती वाटते, पळी. नळीची नाही, आणि बाबांच्या मरणाचीही तेवढी नाही. त्यांचं वय झालं आहे. तू येणार नाहीस, याची भीती वाटते. आणि ते त्यांना कळेल तेव्हा वाटी हातात घेऊन समोर मी उभा असेन, मी एकटा.

दादा